रेंजफाइंडर कॅमेऱ्याला दोन खिडक्या कशासाठी असतात?

फिल्मवर छायाचित्रे काढण्याची हौस पुन्हा मूळ धरू लागली आहे. १९८४ साली आलेला आपला एम६ हा फिल्म कॅमेरा लायका कंपनीने २०२२मध्ये पुन्हा बनवायला घेतला, २०२४मध्ये पेंटॅक्सने ‘पेंटॅक्स १७’ हा पूर्णपणे नवा फिल्म कॅमेरा बाजारात आणला, आणि २०२५मध्ये पहिल्या लायकाला शंभर वर्षे झाली. याचे पडसाद पुण्यातही उमटले आहेत. माळ्यावरच्या ट्रंकेत वर्षानुवर्षे पडून असलेला आजोबांचा कॅमेरा बाहेर काढून ‘हा अजून चालेल का’ असे विचारणारी कॉलेजातील मुले आता वरचेवर भेटतात. सदाशिव पेठेत आमच्या शेजारी राहणारी, अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात शिकणारी मुलगी असाच एक जुना जपानी कॅमेरा घेऊन आली आणि म्हणाली, “काका, याला लेन्स एकच आहे, मग वर या दोन खिडक्या कशाला? शिवाय आतून पाहिलं की मधोमध सगळं दोन-दोन दिसतं. बिघडलाय का हो?”

कॅमेरा बिघडलेला नव्हता. मधोमध दोन-दोन दिसणे हेच त्या यंत्राचे काम आहे. त्या दोन प्रतिमा एकमेकींवर बसवणे हे छायाचित्रकाराचे काम. या जातीच्या कॅमेऱ्याला रेंजफाइंडर म्हणतात, आणि त्याची सगळी बांधणी, त्याच्या खुब्या आणि त्याच्या मर्यादाही, एकाच निर्णयातून आल्या आहेत: छायाचित्रकाराने लेन्समधून पाहायचे नाही, तर लेन्सशेजारच्या खिडकीतून पाहायचे आणि समोरच्या वस्तूचे अंतर मोजून घ्यायचे. हा निर्णय नीट समजला की बाकीचे कोडे आपोआप उलगडते.

फोकस करणे म्हणजे नेमके काय करणे?

लेन्स समोरून आलेला प्रकाश गोळा करून फिल्मवर त्याची प्रतिमा पाडते. फार दूरच्या वस्तूची प्रतिमा लेन्सपासून एका ठरावीक अंतरावर स्पष्ट उमटते. या अंतराला लेन्सचे नाभीय अंतर म्हणतात आणि ‘५० मिलिमीटरची लेन्स’ या शब्दप्रयोगातला आकडा तोच असतो. वस्तू जवळ आली की तिची स्पष्ट प्रतिमा लेन्सच्या आणखी मागे सरकते. फिल्म तर जागची हलत नाही, म्हणून लेन्स पुढे सरकवावी लागते. हे सरकवणे म्हणजेच फोकस करणे.

ही हालचाल किती सूक्ष्म असते याची कल्पना सहसा नसते. ५० मिलिमीटरच्या लेन्सने प्रथम क्षितिजाकडे आणि नंतर एक मीटरवरच्या चेहऱ्याकडे रोख धरला, तर या संपूर्ण प्रवासात लेन्स जेमतेम अडीच मिलिमीटरच्या आसपास पुढे येते. क्षितिजापासून दहा मीटरवरच्या माणसापर्यंत यायला तिला पाव मिलिमीटर पुरतो. म्हणजे वस्तू किती अंतरावर आहे हे नेमके कळल्याशिवाय लेन्स कुठे थांबवायची ते कळणार नाही. सुरुवातीच्या कॅमेऱ्यांत लोक अंतराचा अंदाज बांधत किंवा चक्क टेप लावून मोजत. पहिल्या लायकामध्ये, म्हणजे १९२५च्या लायका १मध्ये, अंतर मोजण्याची सोय नव्हती; त्यासाठी एक वेगळे लांबट उपकरण कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसवायचे, त्यातून आकडा वाचायचा आणि तो हाताने लेन्सवर लावायचा, असा तीन टप्प्यांचा उद्योग होता.

अंगठा, पर्वती आणि आपले दोन डोळे

आता अंतर मोजायचे कसे? हात सरळ पुढे करून अंगठा उभा धरा आणि त्यामागे दूरवर पर्वतीचे देऊळ येईल असे उभे राहा. डावा डोळा मिटून पाहा, मग उजवा मिटून पाहा. अंगठा देवळासमोरून एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला उडी मारल्यासारखा दिसेल. अंगठा नाकाजवळ आणला की उडी मोठी होते, दूर नेला की लहान होते. देऊळ मात्र जागचे हलत नाही, कारण ते फार दूर आहे. पाहण्याची जागा बदलल्यामुळे वस्तू सरकल्यासारखी दिसणे याला पॅरॅलॅक्स म्हणतात, आणि आपला मेंदू जन्मभर याच फरकावरून जवळ काय आणि दूर काय हे ठरवत असतो. एक डोळा मिटून सुईत दोरा ओवायला बसले की हे लगेच पटते.

जमीन मोजणारे हीच युक्ती मोठ्या प्रमाणावर वापरत आले. एक पायारेषा नीट मोजायची, तिच्या दोन्ही टोकांवरून दूरच्या खुणेकडे पाहून कोन घ्यायचे, की त्रिकोण पुरा होतो आणि खुणेपर्यंत न जाताच अंतर कळते. १८०२ साली मद्रासजवळ पायारेषा मोजून सुरू झालेले भारताचे त्रिकोणमितीय सर्वेक्षण याच आधारावर उभे राहिले. रेंजफाइंडर कॅमेरा म्हणजे हाच त्रिकोण तळहातात मावेल इतका लहान केलेला. त्याची पायारेषा म्हणजे त्या दोन खिडक्यांमधले अंतर. १९५४च्या लायका एम३मध्ये ते ६८.५ मिलिमीटर आहे, म्हणजे माणसाच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून थोडेसेच जास्त.

एवढ्या पायारेषेवर एक मीटरवरच्या वस्तूसाठी कोन सुमारे ४ अंशांचा होतो, दोन मीटरवर २ अंशांचा, दहा मीटरवर ०.४ अंशाचा आणि वीस मीटरवर फक्त ०.२ अंशाचा. म्हणजे जवळच्या वस्तूंमधला फरक यंत्राला ठसठशीत कळतो, तर दूरच्या वस्तूंच्या बाबतीत तो झपाट्याने पुसट होत जातो. हा एक मुद्दा मनात ठेवावा, कारण पुढे टेलिफोटो लेन्सच्या, म्हणजे दूरची वस्तू जवळ आणून दाखवणाऱ्या लेन्सच्या, प्रश्नाचे उत्तर त्यातच आहे.

वरच्या पत्र्याखाली काय दडले आहे?

डोळा लावायच्या खिडकीतून सरळ समोर पाहिले की दृश्य दिसते. या वाटेत एक अर्धपारदर्शक आरसा तिरका बसवलेला असतो, म्हणजे असा आरसा की जो थोडा प्रकाश आरपार जाऊ देतो आणि थोडा परावर्तित करतो. दुसऱ्या, लहान खिडकीतून आत आलेला प्रकाश आडवा प्रवास करून या आरशावर पडतो आणि तिथून आपल्या डोळ्याकडे वळतो. त्यामुळे दृश्याच्या मध्यभागी एक छोटा, उजळ चौकोन दिसतो आणि त्यात पहिल्या प्रतिमेवर दुसऱ्या खिडकीतली प्रतिमा येऊन पडते. रात्री खोलीत दिवा लावून खिडकीच्या काचेतून बाहेर पाहताना रस्ताही दिसतो आणि खोलीतले कपाटही दिसते, तसाच हा प्रकार आहे. दोन प्रतिमा वेगळ्या ओळखू याव्यात म्हणून अनेक कॅमेऱ्यांत काचांना किंचित रंगछटा दिलेली असते.

खरी कारागिरी यापुढे आहे. लेन्स काढून कॅमेऱ्याच्या तोंडात पाहिले, तर वरच्या बाजूला एक इवलीशी चकती किंवा चाक लावलेली तरफ दिसते. लेन्स बसवली की तिच्या मागच्या कड्याला ते चाक टेकते. आपण फोकसची कडी फिरवतो, कडे पुढेमागे होते, चाक त्याच्या मागोमाग जाते, आणि तरफेच्या दुसऱ्या टोकाला असलेला आरसा, लोलक किंवा छोटे भिंग केसभर वळते. त्या वळण्याबरोबर उजळ चौकोनातली दुसरी प्रतिमा आडवी सरकते. दोन्ही प्रतिमा जुळून एक झाल्या की समजावे, त्रिकोण पुरा झाला आणि लेन्स नेमकी त्याच अंतरावर येऊन थांबली. आकडा वाचावा लागत नाही, लावावाही लागत नाही.

अंतर मोजणे आणि लेन्स सरकवणे यांची ही जोडणी प्रथम १९१६च्या एका कोडॅक कॅमेऱ्यात झाली. ३५ मिलिमीटर फिल्मच्या लहान कॅमेऱ्यांत ती १९३२ साली लायका २ आणि त्याच वर्षीच्या कॉन्टॅक्सने रुजवली. तेव्हाच्या लायकात अंतर जुळवायला एक भोक आणि चौकट पाहायला दुसरे, असे डोळा हलवत बसावे लागे. १९३६च्या कॉन्टॅक्स २ने दोन्ही कामे एकाच खिडकीत आणली, आणि एम३ने त्याच मार्गाने जाऊन ती खिडकी इतकी मोठी व लख्ख केली की तिचा दर्जा आजही मापदंड मानला जातो. ‘एम’ हे अक्षर ज्या जर्मन शब्दातून आले, त्याचा अर्थ अंतर मोजणारी खिडकी असाच आहे.

वेगवेगळ्या लेन्स लावल्या तरी हे गणित बिघडत कसे नाही, ही मला या यंत्रातली सर्वांत देखणी गोष्ट वाटते. ९० मिलिमीटरची लेन्स एक मीटरवर फोकस करायला जवळपास नऊ मिलिमीटर पुढे यावी लागते. ५० मिलिमीटरची अडीचच. तरफेला मात्र एकच भाषा कळते, ५० मिलिमीटरची. म्हणून प्रत्येक लेन्सच्या आत दोन वेगळे आटे असतात: एक लेन्सची भिंगे तिला हव्या तेवढ्या अंतरावर नेतो, आणि दुसरा मागचे कडे तरफेला समजेल तेवढेच सरकवतो. प्रत्येक लेन्स आपला दुभाषी बरोबर घेऊन येते, असे म्हणायला हरकत नाही.

एक लहानशी पण उपयोगी गोष्ट. दुसरी प्रतिमा आडवी सरकत असल्यामुळे जुळवणी उभ्या रेषांवरच नीट होते. बाजीराव रस्त्यावर विश्रामबागवाड्यासमोर उभे राहिलात, तर त्याचे लाकडी खांब यासाठी उत्तम आहेत. खांबाच्या दोन कडा एक झाल्या की काम झाले. पर्वतीच्या पायऱ्यांवर रोख धरला तर मात्र पायरीची आडवी कड कितीही सरकली तरी आपल्याच रेषेवर सरकते आणि काहीच कळत नाही. अशा वेळी कॅमेरा उभा धरून जुळवून घ्यावा आणि पुन्हा आडवा करावा. आमच्या शेजारणीला हे खिडकीच्या गजांवर करून दाखवले, तेव्हा उभा गज दोनाचा एक होताना पाहून तिच्या चेहऱ्यावर आलेला आनंद बघण्यासारखा होता.

लेन्समधून दिसत नाही, तर चौकट चुकत नाही का?

हा पहिला आणि रास्त आक्षेप. खिडकी वर डाव्या बाजूला, लेन्स खाली मध्यभागी. दोघींना दिसणारे दृश्य तंतोतंत एक असूच शकत नाही. दूरच्या दृश्यात हा फरक नगण्य असतो, जवळच्या वस्तूत तो जाणवतो. यावर उपाय म्हणून खिडकीत प्रकाशमान रेषांची चौकट दाखवतात. एम३च्या पुढच्या बाजूला या दोन खिडक्यांच्या मधे एक तिसरी, दुधी काचेची खिडकी असते, तिचे काम या रेषा उजळवणे एवढेच. बोट तिच्यावर आले की रेषा मंदावतात. लेन्स बदलली की तिच्या मापाची चौकट आपोआप दिसू लागते, आणि आपण जवळ फोकस करत गेलो की ती चौकट लेन्सच्या दिशेने, खाली उजवीकडे सरकत जाऊन फरक भरून काढते.

हा उपाय चांगला आहे, पण काटेकोर नाही. कडेला आलेला विजेचा खांब चौकटीत येईल की नाही, अशा बारकाव्यात थोडी चूक होते. शिवाय लेन्सवर झाकण राहिले तरी खिडकीतून सगळे छान दिसत राहते. माझा एक अख्खा रोल असाच कोरा गेला आहे, तोही भाचीच्या बारशाचा. तेव्हापासून फोटो काढायला घराबाहेर पडतानाच झाकण खिशात टाकण्याची सवय लावून घेतली.

आरसा नसल्यामुळे काय साधते?

ज्या कॅमेऱ्यात लेन्समधूनच पाहतात, त्या एसएलआर कॅमेऱ्यात लेन्स आणि फिल्म यांच्यामध्ये एक तिरका आरसा असतो आणि बटण दाबताच तो फटकन वर उचलला जातो. त्याला हलायला जागा हवी, म्हणून निकॉन एफच्या पद्धतीत लेन्स बसण्याची कड फिल्मपासून ४६.५ मिलिमीटर दूर ठेवावी लागली. लायका एमच्या पद्धतीत हेच अंतर २७.८ मिलिमीटर आहे. कॅमेरा चपटा होतो, आणि रुंद कोनाच्या लेन्स फिल्मच्या जवळ बसवता आल्यामुळे त्या लहान आणि साध्या रचनेच्या ठेवता येतात. आरशाचा धक्का नाही, आवाज नाही. त्यामुळे कमी उजेडात मंद शटरवरही हात स्थिर राहतो. १९४८च्या जानेवारीत आँरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी दिल्लीत गांधीजींच्या अखेरच्या दिवसांची आणि त्यांच्या अंत्ययात्रेची जी छायाचित्रे काढली, ती अशाच लहान, कुणाचे लक्ष न वेधणाऱ्या लायकाने.

याहून मोठा लाभ पाहण्यातला आहे. एसएलआरमध्ये चौकटीबाहेरचे काही दिसत नाही, आणि नेमक्या छायाचित्राच्या क्षणी आरसा उचलला गेल्याने अंधार होतो. रेंजफाइंडरमध्ये रेषांच्या चौकटीबाहेरचे जगही दिसत राहते. पालखी नाना पेठेतून जात असताना चौकटीत तुळस घेतलेली एक आजी आहे आणि डावीकडून टाळकऱ्यांची रांग तिच्याकडे येते आहे, हे आधीच दिसते, आणि ती रांग नेमकी कुठे पोहोचली की बटण दाबायचे, हे ठरवता येते. रस्त्यावरची छायाचित्रे काढणाऱ्यांना हा कॅमेरा इतका जवळचा का वाटतो, याचे कारण मला यातच दिसते.

मग रेंजफाइंडर मागे का पडला?

कारण त्याच्या त्रिकोणाला मर्यादा आहे. टेलिफोटो लेन्समध्ये फोकसची थोडी चूकही मोठी दिसते, आणि दूरच्या वस्तूंसाठी कोनातला फरक तर अगदी पुसट असतो. अचूकता दोन गोष्टींवर ठरते: खिडक्यांमधले अंतर आणि खिडकीचे वर्धन, म्हणजे दृश्य किती पट मोठे दिसते ते. दोहोंचा गुणाकार म्हणजे प्रत्यक्ष उपयोगी पडणारी पायारेषा. एम३मध्ये वर्धन ०.९१ असल्याने ती सुमारे ६२ मिलिमीटर भरते. १९५७च्या एम२मध्ये ३५ मिलिमीटर लेन्सची रुंद चौकट दाखवण्यासाठी वर्धन ०.७२पर्यंत खाली आणले, तेव्हा ती ४९ मिलिमीटरवर आली. म्हणजे रुंद पाहायचे तर अचूकता थोडी सोडायची. १३५ मिलिमीटरच्या लेन्सची चौकट खिडकीत टपाल तिकिटाएवढी दिसते आणि त्यापुढे जाण्यात अर्थ उरत नाही. फुलाच्या परागांपर्यंत जवळ जाणेही जमत नाही. एम३ एक मीटरच्या आत फोकस करत नाही, नंतरचे बरेचसे लायका ०.७ मीटरपर्यंत येतात. १९५९मध्ये निकॉन एफ आला आणि पक्षी, क्रिकेट, कीटक अशा सगळ्या विषयांसाठी व्यावसायिक त्याच्याकडे वळले. ते वळणे योग्यच होते. चष्मा लावणाऱ्यांनाही सांगायला हवे, की २८ मिलिमीटरची चौकट दाखवणाऱ्या बहुतेक खिडक्यांत चष्म्यासकट चारही कडा एकदम दिसत नाहीत.

ऑटोफोकसच्या काळात याची गरज काय?

गरज कामावर अवलंबून आहे, पण एक गैरसमज दूर करायला हवा. हे तत्त्व जुने झाले म्हणून टाकून दिले गेले, असे नाही. आजच्या अनेक कॅमेऱ्यांत आणि फोनमध्ये जो फेज डिटेक्शन ऑटोफोकस असतो, तो लेन्सच्या दोन विरुद्ध बाजूंनी आलेल्या प्रतिमांची तुलना करतो आणि त्या जुळेपर्यंत लेन्स सरकवतो. डोळ्याच्या जागी संवेदक आला, तरफेच्या जागी मोटर आली. दोन ठिकाणांहून पाहून फरक मिटवण्याची कल्पना तीच राहिली. रेंजफाइंडर म्हणजे फिल्मच हवी, असेही नाही. २००४ साली एप्सनने पहिला डिजिटल रेंजफाइंडर आणला.

शिवाय अनेकदा जुळवणी करावीच लागत नाही. अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधले प्रकाश सोडणारे छिद्र, लहान केले की मागचे-पुढचे बरेच अंतर स्पष्ट येते. ३५ मिलिमीटरची लेन्स एफ ८वर (एफचा आकडा जितका मोठा, तितके छिद्र लहान) ठेवून पाच मीटरवर फोकस करून ठेवली, तर अडीच मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळे समाधानकारक स्पष्ट मिळते. मंडईत दुपारी फिरताना एवढे पुरते, आणि कोणताही ऑटोफोकस याहून जलद असू शकत नाही. याउलट ५० मिलिमीटरची लेन्स एफ २वर उघडून दीड मीटरवरच्या चेहऱ्याचे छायाचित्र घेतले, तर सुमारे दहा सेंटिमीटरचाच पट्टा स्पष्ट येतो. तिथे डोळ्याच्या पापणीवर जुळवणी करावी, नाकावर नाही.

जुना कॅमेरा हाती आला तर काय पाहावे?

लायका महाग आहे, हे खरे. पण १९६६चा याशिका इलेक्ट्रो ३५, कॅननचे कॅननेट, सोव्हिएत काळातले फेड आणि झॉर्की हेही रेंजफाइंडरच आहेत आणि जुन्या घरांत सापडतात. त्यांतील पहिल्या दोघांची लेन्स बदलता येत नाही, एवढेच. अशा अनेक कॅमेऱ्यांतले प्रकाशमापक पाऱ्याच्या बॅटरीवर चालत. त्या आता मिळत नाहीत, म्हणून पर्यायी बॅटरी आणि तिचा व्होल्टेज यांची चौकशी आधी करावी. पुण्याच्या पावसाळ्यात लेन्सच्या आत बुरशी धरते. लेन्स उजेडासमोर धरून कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसतात का ते पाहावे. कापडी पडद्याचे शटर असेल, तर झाकण न लावलेला कॅमेरा सूर्याकडे तोंड करून ठेवू नये. मध्ये आरसा नसल्याने लेन्स भिंगासारखी ऊन एकवटते आणि पडद्याला भोक पडते.

रोल भरल्यावर आणखी एक खात्री करावी. फिल्म पुढे सरकवण्याची तरफ ओढली की डावीकडचा रोल गुंडाळण्याचा खटका उलटा फिरायला हवा. तो स्थिर राहिला, तर फिल्म दातांत अडकलेलीच नाही आणि छत्तीस छायाचित्रे हवेत जाणार.

आणि अंतरमापन बरोबर आहे का, हे तपासायला दुकानात जावे लागत नाही. निरभ्र दिवशी पर्वतीवरून सिंहगडावरच्या दूरदर्शनच्या मनोऱ्याकडे पाहा, किंवा रात्री गच्चीवर जाऊन चंद्राकडे. लेन्स अनंतावर, म्हणजे आडव्या आठच्या खुणेवर, ठेवा. चौकोनात एकच चंद्र दिसला तर यंत्र नीट आहे. दोन चंद्र शेजारीशेजारी दिसले तर तरफेची आडवी जुळवणी हलली आहे, आणि एक वर एक खाली दिसला तर उभी. दोन्ही दुरुस्त होतात, बहुतेक कॅमेऱ्यांत लहानशा स्क्रूच्या थोड्या फिरवण्याने. मात्र तो स्क्रू स्वतः फिरवू नये, कारण तिथली चूक अर्ध्या मिलिमीटरचीही खपत नाही. शेजारच्या मुलीच्या कॅमेऱ्यात त्या रात्री दोन चंद्र दिसले, बोटभर अंतराने शेजारीशेजारी. कॅमेरा सध्या दुरुस्तीला गेला आहे.